तालुक्याच्या गावात कर्ज काढून घर घेताना

लहान गावात घर शोधणारा माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. घर आवडते, मध्यस्थ भाव जुळवून देतो, पन्नास हजारांचा इसार देऊन होतो, आणि मग बँकेत गेल्यावर कळते की या घराला नुसता नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा) आहे, त्यावर गृहकर्ज बसत नाही. इसार परत मिळता मिळत नाही आणि पुढचे सहा महिने त्या मागे जातात.

मोठ्या शहरात बिल्डरचा प्रकल्प बँकेने आधीच तपासलेला असतो. तालुक्याच्या गावात प्रत्येक घर हे स्वतंत्र प्रकरण असते. एकाच बोळातल्या दोन घरांपैकी एकावर कर्ज मिळते, शेजारच्यावर मिळत नाही, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आपल्याला किती कर्ज बसते ते, मग घराचा कागद, आणि भिंती सगळ्यांत शेवटी. पुढे दिलेले नियम महाराष्ट्रातले आहेत.

किती कर्ज बसेल

हातात येणाऱ्या मासिक उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंतच सगळे हप्ते मिळून जावेत, असा बहुतेक बँकांचा हिशेब असतो. समजा, घरात महिन्याला ३५,००० रुपये येतात आणि मोटारसायकलचा ३,००० चा हप्ता चालू आहे. ४५ टक्के धरले तर एकूण १५,७५० रुपये. त्यातून ३,००० वजा, उरले १२,७५०. नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी लाखाला साधारण ९०० रुपये हप्ता पडतो. म्हणजे कर्ज चौदा लाखांच्या आसपास बसते. मोटारसायकलचे कर्ज आधी फेडून टाकले तर हाच आकडा साडेसतरा लाखांवर जातो.

उत्पन्न दाखवायचे कसे, हा गावातला खरा पेच. पगारदाराला तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचे खातेउतारे पुरतात. दुकानदार, गॅरेजवाला, दूधवाला, शेतकरी यांना मात्र दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि वर्षभराचा खातेउतारा मागितला जातो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असते, त्यामुळे विवरणपत्र भरायची सवयच नसते. ज्याला दोन वर्षांनी घर घ्यायचे आहे त्याने ते यंदापासून भरायला लागावे. शेतकऱ्याने सातबारा आणि आठ-अ (गावातल्या त्याच्या सगळ्या जमिनीचा उतारा) यांसोबत उसाची बिले, बाजार समितीतल्या अडत्याच्या पट्ट्या, दूध संघाच्या पंधरवड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. पैसे खात्यावर आलेले असतील तर त्या पावत्यांना वजन येते. रोखीत घेतलेले पैसे बँकेच्या लेखी जवळपास नसल्यासारखेच असतात.

तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्यावर फार भिस्त ठेवू नका. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला ऐंशी हजारांचा दाखला आणि बँकेत सांगितलेले सव्वाचार लाखांचे उत्पन्न एकाच फाइलमध्ये गेले, तर अधिकारी दोन्हीवरचा विश्वास काढून घेतो.

अर्जाआधी स्वतःचा क्रेडिट अहवाल काढून बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. गावाकडच्या अहवालात तीन गोष्टी हमखास अडतात. पहिली, दुसऱ्याला जामीन राहिलेले कर्ज. चुलत्याचा ट्रॅक्टर थकला की डाग तुमच्या नावावर येतो. दुसरी, बचत गटाचे किंवा मायक्रोफायनान्सचे विसरलेले हप्ते. तिसरी, तडजोडीने मिटवलेले पीककर्ज. एकरकमी परतफेडीत काही रक्कम सोडली गेली असेल तर खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, आणि बँक त्याला फेडलेले कर्ज मानत नाही. उरलेली रक्कम भरून खाते ‘क्लोज्ड’ करून घ्या, संस्थेकडून बेबाकी दाखला घ्या आणि मगच अर्ज करा.

कर्ज कोणाकडून

राष्ट्रीयीकृत बँकांचा दर सर्वांत कमी आणि कागदांचा आग्रह सर्वांत जास्त. गृहवित्त कंपन्या कागद थोडा सैल धरतात, पण त्याची किंमत व्याजात लावतात. पंधरा लाखांवर वीस वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी हप्ता १३,४९६ रुपये, बारा टक्क्यांनी १६,५१६. वीस वर्षांत फरक सव्वासात लाखांचा. एवढ्या रकमेत घराचा कागद नीट करून घेण्याचा खर्च कितीतरी वेळा निघतो. म्हणून ‘कागदाचं काही बघत नाहीत, आठ दिवसांत करून देतात’ हे ऐकले की आधी दर विचारा.

बँकांची बदलत्या दराची गृहकर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा दर त्या स्वतः ठरवतात. त्यामुळे रेपो घटला तरी त्यांच्याकडचा हप्ता हलेलच असे नाही.

महाराष्ट्र ग्रामीण बँक (१ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तिच्यात आली) आणि जिल्हा मध्यवर्ती बँका यांच्याकडेही चौकशी करावी. जून २०२२ पासून जिल्हा बँकांना एका व्यक्तीला ५० लाखांपर्यंत, आणि बँकेची नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) १०० कोटी किंवा अधिक असेल तर ७५ लाखांपर्यंत गृहकर्ज देता येते. तुमचे गावठाण, तुमचे पीक आणि तुमचा भाग त्यांच्या शाखाधिकाऱ्याला ठाऊक असतो, हा मोठा फायदा. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येत नाहीत. घरासाठी तिथून कर्ज काढणे हा अगदी शेवटचा उपाय.

जिथे जाल तिथे मंजुरीच्या वेळी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणे बंधनकारक आहे. व्याजाखेरीज प्रक्रिया शुल्क, कायदेशीर तपासणी, मूल्यांकन, विमा हे सगळे धरून खरा वार्षिक खर्च किती टक्के पडतो ते त्यात असते. विम्याची ओळ नीट वाचा. एकरकमी हप्त्याची पॉलिसी कर्जातच मिसळून टाकली की तिच्यावरही वीस वर्षे व्याज जाते. कर्जाला विमा असावा, पण तो त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असे नाही.

अनुदान: गाव कोणत्या बाजूला पडते

पंतप्रधान आवास योजना ऐकून माणूस जातो ग्रामपंचायतीत आणि काम असते नगरपंचायतीत, किंवा उलट. माढा, जळकोट यांसारख्या तालुक्याच्या गावांत आता नगरपंचायत आहे, म्हणजे योजनेच्या दृष्टीने ते शहर. तिथे शहरी आवास योजना २.० लागू होते. तिच्या व्याज अनुदान घटकात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवे. कुटुंबात कोणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर नको. पहिल्या आठ लाखांवर बारा वर्षांपर्यंत चार टक्के अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यावर जमा. हप्ता जमा होताना खाते चालू आणि निम्म्याहून अधिक मुद्दल बाकी असावे लागते. तेव्हा ऊस विकून एकदम मोठी रक्कम भरायची घाई पहिल्या पाच वर्षांत करू नका.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत ग्रामीण आवास योजना असते, आणि ती तयार घर विकत घेण्यासाठी नसून घर बांधण्यासाठी आहे. यादी ग्रामसभेतून जाते. केंद्राच्या निकषाने सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार, घर किमान २५ चौरस मीटरचे, आणि रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी वेगळी. लाभार्थ्याला हवे असल्यास ७० हजारांपर्यंत बँक कर्जाची सोय आहे.

कागद

पहिला गैरसमज नमुना ८ चा. ग्रामपंचायतीचा हा उतारा म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद. घरपट्टी कोण भरतो हे त्यावरून कळते. जागा कोणाची हे त्यावरून सिद्ध होत नाही. गायरानात बांधलेल्या घराचीही घरपट्टी ग्रामपंचायत घेते, उतारा देते, त्यावर वीजमीटरही येतो. जागा मात्र सरकारी, आणि त्यावर कोणतीही शहाणी बँक पैसे देत नाही.

गावठाणातल्या घरासाठी हवे असते ते मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. जुन्या नगरभूमापन झालेल्या गावांत ते पूर्वीपासून आहे. बाकी गावांत २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने मोजणी होऊन ते तयार होत आहे. पत्रकावर धारकाचे नाव, क्षेत्र आणि सत्ताप्रकार (जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे ते) हे तीन रकाने वाचा. सत्ताप्रकार शासकीय पट्ट्याचा असेल तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. काही ठिकाणी एकाच जागेचा सातबाराही चालू असतो आणि मालमत्ता पत्रकही. नगरभूमापन झाल्यावर सातबारा बंद व्हायला हवा होता, तो राहून गेला. दोन्हीकडे वेगवेगळी नावे असतील तर ते घर सोडलेले बरे.

गावाबाहेरच्या प्लॉटला सातबारा असतो. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. त्यात पुढच्या गोष्टी बघा:

- भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ (सरकारने अटी घालून दिलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय व्यवहार नाही.
- ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, न्यायालयाचा मनाई हुकूम.
- प्रलंबित फेरफार (नावात किंवा हक्कात बदलाची नोंद). ‘आपली चावडी’वर गावाचे नाव टाकले की कोणत्या गटाचा फेरफार चालू आहे ते दिसते. खरेदीच्या आदल्या दिवशी हे पुन्हा एकदा बघायचे.
- जमीन शेती की बिनशेती. शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते, आणि घराचे कर्ज तिच्यावर मिळत नाही.

‘एनए (बिनशेती) होणारच आहे’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी कायम असते. महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला बिनशेतीची वेगळी परवानगी लागत नाही, हे खरे. पण त्यासाठी आकारणी होऊन रूपांतर कर भरलेला असावा लागतो, आणि बँक त्याची पावती मागते. नुसते अंतर मोजून भागत नाही. प्लॉट पाडलेला असेल तर मंजूर रेखांकनाचा नकाशा हवा, त्यावर तुमचा प्लॉट नंबर आणि रस्ता हवा, आणि शक्यतो त्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा हवा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असून आठांहून अधिक प्लॉट असतील तर महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाची) नोंदणीही लागते. एका सातबाऱ्यावर बावीस जणांची नावे आणि प्रत्येकाचा एक गुंठा अशी सामाईक खरेदी म्हणजे तुकडेबंदीतून (शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकायला असलेल्या बंदीतून) काढलेली पळवाट. तिथे तुमचा गुंठा नेमका कुठला, हे कागद सांगत नाही. नगरपालिका हद्दीतली गुंठेवारी (गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट) २००१ च्या कायद्याखाली नियमित झालेली असेल तर ते प्रमाणपत्र घ्या. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात आली.

शंभर-पाचशेच्या बाँडवर नोटरीसमोर केलेली घरखरेदी ही खरेदी नव्हे. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानेच हस्तांतरित होते. विकणाऱ्याकडे असाच बाँड असेल तर मूळ मालकाकडून त्याच्या नावे खरेदीखत होऊ द्या, तोपर्यंत थांबा.

वकील तीस वर्षांचा शोध घेतो. त्यात सर्वांत जास्त अडकणारी जागा म्हणजे वारसनोंद. आजोबांच्या नावचे घर वडील आणि काका विकतात, आणि आत्यांची नावे कुठेच नसतात. लग्न होऊन गेलेल्या मुलीचाही हिस्सा आहे. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यांनंतर वडिलोपार्जित मिळकतीत याबद्दल शंका राहिलेली नाही. आत्यांनी एकतर खरेदीखतावर सह्या कराव्यात किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. साध्या कागदावरची ‘माझी काही हरकत नाही’ ही चिठ्ठी बँकेचा वकील बाजूला ठेवतो. शोध झाला की स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या, हरकतीला चौदा-पंधरा दिवस. हे पैसे वाचवायचे नाहीत.

एक उतारा जवळून

समजा, नमुना ८ वर घराचे क्षेत्र १,०५० चौरस फूट आहे आणि मालमत्ता पत्रकावर ८४.५ चौरस मीटर. दोन्ही आकडे एका मापात आणा: एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ८४.५ चे झाले साधारण ९१० फूट. १४० फूट कुठून आले? बहुतेक वेळा पुढच्या ओट्यातून आणि मागच्या बोळात सरकलेल्या न्हाणीतून. म्हणजे तेवढा भाग रस्त्याच्या किंवा सामाईक जागेवर आहे. भाव १,०५० फुटांवर ठरला असेल तर तो ९१० वर आणा. मूल्यांकन करणारा इंजिनिअर ९१० च धरणार.

मग जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा काढा आणि जागेवर उभे राहून पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर मिळवा. ‘पूर्वेस अमुक यांचे घर’ असे असते. ते अमुक चाळीस वर्षांपूर्वीचे, आता तिथे दुसराच राहतो. साखळी जोडून घ्या. ‘पश्चिमेस बोळ’ लिहिले असेल तर तो बोळ सार्वजनिक की दोन घरांचा सामाईक, हे नगरभूमापनाच्या नकाशावर दिसते. भिंत सामाईक आहे का, पागोळीचे पाणी कोणाच्या जागेत पडते, शेजाऱ्याकडे उघडणाऱ्या खिडक्यांचा हक्क कोणाला, हेही दस्तात यावे. खरेदीखतात ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ हे सगळे न चुकता येते. चुकते ती चतुःसीमेची एक ओळ, आणि पुढची वीस वर्षे भांडण तिच्यावरून.

भिंती

बँकेचा इंजिनिअर घराचे उरलेले आयुष्य बघतो. कर्जाची मुदत त्यापेक्षा कमी असावी लागते. त्यामुळे दगड-मातीचे जुने माळवद कितीही थंडगार असले तरी वीस वर्षांचे कर्ज त्यावर मिळणे कठीण. तुम्ही स्वतः मात्र पाण्याकडे बघा.

रस्त्यापेक्षा जोते किती उंच आहे? गावात दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावरच नवे काँक्रीट ओततात, आणि मूळ दोन फूट उंच असलेले जोते सहा इंचांवर येते. उंबऱ्यावर सिमेंटची आडवी पट्टी बांधलेली दिसली तर पावसाळ्यात पाणी आत येते हे समजून जा. भिंतीला खालून तीन-चार फुटांपर्यंत रंगाचे पोपडे आणि पांढरी भुकटी असेल तर ओल जोत्यातून चढते आहे. नवा रंग मारून ती थांबत नाही. स्लॅबच्या खालून गंजाचे तांबूस डाग किंवा पट्टीसारखे सुटलेले प्लास्टर म्हणजे आतली सळई फुगली. काळ्या मातीच्या भागात, म्हणजे सोलापूर, मराठवाडा, विदर्भात, खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या निघालेल्या भेगा बघा. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर भेग बुजवली तरी पुढच्या मे महिन्यात परत उघडते. घर शक्यतो एकदा मोठ्या पावसानंतर बघावे. विकणाऱ्याला दिवाळीनंतर दाखवायला आवडते.

नळाला पाणी किती दिवसांनी येते, टाकी किती लिटरची, हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको.

पैशाचा मेळ

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के देता येते. ही कमाल मर्यादा. जुन्या घराला बँका बहुधा यापेक्षा कमी देतात, आणि किंमत म्हणजे दस्तातली आणि इंजिनिअरने काढलेली यांतली जी कमी ती. घर २० लाखांना ठरले, मूल्यांकन १७ लाख आले आणि बँक ८० टक्के देते म्हणाली, तर कर्ज १३ लाख ६० हजार. खिशातून सहा लाख चाळीस हजार. मुद्रांक आणि नोंदणी यांसाठी किमतीच्या सात टक्क्यांच्या आसपास बाजूला ठेवा, म्हणजे आणखी एक लाख चाळीस हजार. वकील, मूल्यांकन, प्रक्रिया शुल्क वरून. हातात आठ लाख नसतील तर हे घर तुमच्या आवाक्यातले नाही.

मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडीरेकनर (सरकारी दरपत्रकातली किंमत) यांतल्या जास्त रकमेवर लागते. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३० हजार. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. काही बँका स्त्री अर्जदाराला व्याजही किंचित कमी लावतात.

‘दस्त बारा लाखांचा करू, आठ लाख रोख द्या’ ही गावातली जुनी रीत. कर्ज बारा लाखांवरच मोजले जाईल, हा पहिला तोटा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, ही गोष्ट विकणाऱ्याच्या कानावर घाला, सूर बदलतो.

इसार द्यायचाच तर धनादेशाने, आणि इसारपावतीत एक ओळ घाला: ‘बँकेच्या कायदेशीर तपासणीत कागद नामंजूर झाल्यास इसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत.’ विकणारा या ओळीला नाही म्हणाला, तर कागदात काय आहे ते त्याला ठाऊक असावे. पुढे साठेखत (नंतर खरेदीखत करून देण्याचा करार) करताना ध्यानात ठेवा की ताबा देणाऱ्या साठेखताला पूर्ण मुद्रांक लागतो; भरलेली रक्कम खरेदीखतात वळती होते.

विकणाऱ्याच्याच घरावर कर्ज असेल तर त्याच्या बँकेकडून बाकीचे पत्र आणि मूळ कागदांची यादी आधी मिळवा. तुमची बँक तेवढा धनादेश थेट तिकडे देते, उरलेला विकणाऱ्याला. दस्ताच्या दिवशी बँकेचा माणूस दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात धनादेश घेऊन येतो आणि नोंदणी झाल्यावरच तो हातात पडतो.

प्लॉट घेऊन बांधणार असाल

तर कर्ज एकदम मिळत नाही. जोते, लिंटल, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी इंजिनिअरच्या पाहणीनंतर पैसे सुटतात, आणि तुमचा हिस्सा आधी खर्च झालेला दाखवावा लागतो. खोच अशी की स्लॅबचे पैसे स्लॅब ओतून झाल्यावर येतात. त्या दिवशी सिमेंट, सळई, सेंट्रिंगवाला आणि गवंडी यांची उधारी तुम्हीच सांभाळायची. दीड-दोन लाखांची मोकळी रक्कम हाताशी नसेल तर काम नेमके तिथे थांबते, मग पावसाळा लागतो, आणि तोवर उचललेल्या रकमेवर व्याज चालूच.

२०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर वेगळ्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. नकाशा सादर करून शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी धरतात. ती पोच आणि नोंदणीकृत इंजिनिअरच्या सहीचा नकाशा जपून ठेवा, बँक दोन्ही मागेल. नकाशात एक मजला आणि जागेवर दीड असे झाले की पुढचा हप्ता अडतो.

खरेदीनंतरचा महिना

मूळ कागद बँकेकडे तारण गेल्यावर ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन (तारणाची सरकारदरबारी सूचना) दाखल करायची असते. बँक हे करून घेते, पण पावती मागून घ्या. मग नावे लावण्याचे दोन वेगळे अर्ज: मालमत्ता पत्रकासाठी भूमी अभिलेख कार्यालयात (सातबारा असेल तर तलाठ्याकडे), आणि घरपट्टीसाठी ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीत. एक झाले की दुसरे आपोआप होत नाही. बरीच घरे अशी सापडतात की घरपट्टी नव्या मालकाच्या नावे आणि पत्रकावर अजून मागच्याचा बाप. वीजबिलाचे नाव त्यानंतर.

बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो. पीक आले की थोडे थोडे मुद्दल भरता येते. भरताना ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असे लेखी सांगा.

बँकेने कोणकोणते मूळ कागद ताब्यात घेतले, त्याची सही-शिक्क्याची यादी पहिल्याच दिवशी घ्या आणि बँकेच्या फाइलपासून वेगळी, घरात ठेवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत सगळे कागद परत न दिल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. वीस वर्षांनी तो लागू करून घ्यायला त्या यादीखेरीज तुमच्या हातात दुसरे काही नसेल.